समासातला पेन्सिलीचा प्रश्न

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "ते राहू दे, प्रकरण कुठवर आलं?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. तुमच्या दाराशी अजून कुणीतरी पोरगं नाहीतर पोरगी संशोधनाचं प्रपोजल घेऊन उभी राहीलच, त्यांच्याही कामी येईल.

डोंबिवलीला तुमच्या घरी मी पहिल्यांदा आले ती दोन नकार पदरात घेऊन. त्याआधी एका मुलाखतीत मला विचारलं होतं, "नाशिकच्या मुलीला आफ्रिका कुठून सुचली?" मी हसून वेळ मारून नेली. खरं तर तेव्हा माझ्यापाशीही उत्तर नव्हतं. शरणपूर रोडच्या आसपास लहानाची मोठी झाले, शाळा झाली, क्लास झाले, स्कूटी शिकले ती त्याच रस्त्यावर. पण तिथे शरण आलं कोण होतं, हा प्रश्न एम.ए.ला येईपर्यंत पडला नव्हता.

तुम्हाला हे सांगणं म्हणजे सूर्याला काजवा दाखवणं, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश नौदल अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. सुटलेल्या आफ्रिकी मुलांपैकी बरीच मुंबईत उतरवली जायची आणि त्यातली काही नाशिकला, चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपूरला यायची. तिथे ती इंग्रजी शिकली, हातात कसब आलं, बाप्तिस्मा झाला. 1864 मध्ये त्यांच्यातले काही मोंबासाकडे परतले. 1872 मध्ये सहा जण आफ्रिकेत हिंडणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या ब्रिटिश मिशनरी-प्रवाशाच्या तुकडीत गेले. पुढच्या वर्षी 1 मे रोजी, आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन वारला. त्याचं हृदय झाडाखाली पुरलं तेव्हा प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने. झाडावर अक्षरंही त्यानेच कोरली. मग तुकडीतल्या सगळ्यांनी ते शव दीड हजार किलोमीटरहून जास्त वाहून किनाऱ्यावर आणलं. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता.

हे सगळं मी प्रपोजलच्या पहिल्या पानावर मोठ्या झोकात लिहिलं होतं. शीर्षक होतं 'नाशिकच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पान'. पोहे खाता खाता तुम्ही ते शीर्षक खोडलंत. "हे पान नाशिकचं नाही गं. आफ्रिकेचं आहे. नाशिक त्यात एका कोपऱ्यात आहे, तिथेच बसव." मला राग आला होता, आज कबूल करते. डोंबिवली ते नाशिक अख्ख्या प्रवासात मी घुमी होते. घरी येऊन पानं उलगडली तर जेकबच्या नावापुढे समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं: 'आईने ठेवलेलं नाव काय?'

त्या एका ओळीने माझं प्रपोजल पार मोडलं आणि नवीन उभं राहिलं. जेकब वेनराइट, त्या सहांतलेच मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फेरार. सगळी नावं दिलेली. मिशनची पत्रं बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात जपून ठेवली आहेत, त्यात ही मुलं अभ्यासात कशी, वागायला कशी याबद्दल लिहिलेलं आहे. पकडलं जाण्याआधी घरी त्यांना काय हाक मारत, हा मात्र मला तोवर प्रश्नच वाटला नव्हता.

आता फेलोशिपच्या अर्जाविषयी, कारण तो भाग कुणी सांगत नाही. पीएचडी झाली की पोस्टडॉक, म्हणजे पुढच्या संशोधनाची फेलोशिप, आपोआप मिळते असा माझा भाबडा समज होता. पीएचडी किती वर्षांपूर्वीची चालेल, रुजू होण्याआधी पदवी हातात हवी की व्हायव्हा (तोंडी परीक्षा) झालेला पुरतो, परदेशी नागरिकाला चालतं का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. तुम्ही कालनिर्णयच्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पानांवर गोल काढायला लावलेत. "अर्ज हिवाळ्यात आणि जाणं पुढच्या ऑगस्टमध्ये. मधले महिने जेवशील काय, ते आधी ठरव," हेही तुम्हीच विचारलंत. लेखनाचा नमुना म्हणून मी थीसिसची प्रस्तावना देणार होते, तुम्ही चौथं प्रकरण द्यायला लावलंत. प्रस्तावनेत सगळेच शहाणे असतात, हे तुमचं वाक्य मी आता इतरांना ऐकवते आणि श्रेय देत नाही.

आणि ते तिसरं शिफारसपत्र! ज्यांनी द्यायचं कबूल केलं होतं त्यांचा शेवटच्या दिवसापर्यंत पत्ता नव्हता. रात्री अकराला मी रडत तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "अमेरिकेतली मध्यरात्र म्हणजे आपले उद्याचे साडेदहा. झोप." तुम्ही पहाटे कुणाला उठवलंत, काय बोललात, ते मला आजही माहीत नाही. पत्र सकाळी नऊला पोर्टलवर पडलं, मुदत संपायला दीड तास असताना.

अमेरिकेत शार्लट्सव्हिलला, व्हर्जिनिया विद्यापीठाच्या कार्टर जी. वुडसन इन्स्टिट्यूटमध्ये निवड झाल्याचं कळलं तेव्हा तुम्ही पेढे नको म्हणालात, "ज्याच्या नावाच्या घरात राहणार आहेस तो माणूस आधी वाच" म्हणालात. वाचला. कृष्णवर्णीय इतिहासकार, गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा, कोळशाच्या खाणीत राबलेला, विशीत हायस्कूलला गेलेला, 1912 मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट घेतलेला. 1926 मध्ये त्याने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला, त्याचाच पुढे अख्खा फेब्रुवारी महिना झाला.

तिथला खरा फायदा पैशांचा किंवा ग्रंथालयाचा नाही (ग्रंथालय वेड लावणारं आहे, ते सोडा). फायदा तिथल्या चर्चेच्या टेबलाचा. आपला कच्चा मसुदा आधी सगळ्यांना पाठवायचा, आणि मग दोन तास गप्प बसून तो सोलला जाताना बघायचा. माझ्या मसुद्याच्या दिवशी सिएरा लिओनवर काम करणारी एक जण म्हणाली की तिथे फ्रीटाउनला नौदलाने सोडवलेल्या माणसांच्या नोंदवह्यांत त्यांची मूळ नावं आहेत. तिथल्या आणि हवानाच्या नोंदी मिळून 91 हजारांहून जास्त माणसांची. कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेली, पण आहेत. "मग मुंबईच्या कारकुनाने काय लिहिलं?" तिने विचारलं. मॅडम, तुमची पेन्सिल सात समुद्र ओलांडून त्या टेबलावर आली होती.

त्या विद्यापीठाच्या आवारात, ज्यांच्या कष्टांवर ते उभं राहिलं त्या गुलामांचं ग्रॅनाइटचं गोल स्मारक आहे. सुमारे 4000 माणसं होती असा अंदाज. ज्यांची नावं सापडली त्यांची कोरली आहेत. बाकीच्यांसाठी दगडात नुसती चीर. मी संध्याकाळी तिथे जायची. एखाद्या चिरेवर बोट ठेवलं की मला शरणपूर आठवायचं.

मॅथ्यू वेलिंग्टन 1935 पर्यंत मोंबासाला जिवंत होता. माझ्या पणजोबांच्या हयातीतला माणूस. कुणीतरी त्याला विचारलं असेल, नसेल. जेकबचं आईने ठेवलेलं नाव मला अजून सापडलेलं नाही. प्रकरणात तसं सरळ लिहून टाकलंय. एक मसुदा कुणीतरी 'फारच अपुरा' म्हणून परत केला, पण ते वाक्य मी काढणार नाही.

तिसरं प्रकरण काल कुरियरने टाकलंय, परवापर्यंत पोचेल. तुमच्या अक्षरासाठी दोन्हीकडे दोन-दोन इंच समास सोडलाय. रविवारी येते. पोह्यांत शेंगदाणे जरा जास्त घाला.

तुमची,
शरणपूर रोडची