बाबांच्या त्या प्रश्नाबद्दल

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा पुन्हा तेच म्हणाले, "कोविडमध्ये एकाच पातेल्यातलं जेवलो. मला दोन दिवस कणकण, आणि धाकट्या भावाला व्हेंटिलेटर, असं का? पेन्शनसाठी बँकेत मी गेलो होतो, आजार मीच आणला." त्यावर मला पटकन काही सुचलं नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, विषाणू कुणी आणला ही एक गोष्ट आणि अंगात शिरल्यावर तो काय करतो ही दुसरी. 2020 मध्ये दिसून आलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा (गुणसूत्र म्हणजे पेशीतली जनुकांची माळ) एक तुकडा ज्यांच्याकडे असतो, त्यांचा कोविड चिघळण्याचा धोका वाढतो. ह्युगो झेबर्ग आणि स्वांते पाबो या संशोधकांनी त्याच वर्षी दाखवलं की हा तुकडा आलाय निअँडरथल या नामशेष झालेल्या प्राचीन माणसांकडून, सुमारे 50 हजार वर्षांपूर्वी. युरोपात तो साधारण 16 टक्के लोकांत सापडतो, आपल्या दक्षिण आशियात जवळपास निम्म्यांत. आई, "आपल्या घराण्याची छातीच नाजूक" म्हणतेस ना, घराणं बरंच जुनं निघालं! (बाराव्या गुणसूत्रावर निअँडरथलांचाच एक तुकडा उलट थोडं संरक्षण देतो, हेही सांगून ठेवते.)

सख्ख्या भावांना सगळं सारखं मिळत नाही. प्रत्येक जनुकाच्या आजीकडच्या दोन प्रतींपैकी एक येते, आजोबांच्या दोनांतली एक. कोणती, ते ठरलेलं नसतं.

शिवाय इंटरफेरॉन. विषाणू शिरला की पेशी शेजारणींना हाक मारते, ती हाक म्हणजे इंटरफेरॉन. काहींच्या जनुकातच दोष असतो, हाक उशिरा जाते. टीएलआर7 नावाचं असं एक जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषाला एक्स एकच, म्हणजे ते बिघडलं तर सुटा भाग नाही. धडधाकट तरुण मुलगे अचानक अत्यवस्थ झाले, त्यांतल्या काहींमध्ये हेच सापडलं. फ्लूतही असंच: 2009 च्या साथीत, आपण पुण्यात तोंडाला रुमाल बांधून फिरायचो तेव्हा, इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये दाखल झालेल्या रुग्णांत आयएफआयटीएम3 या जनुकाचा एक दुर्मीळ प्रकार जास्त आढळला होता.

अर्थात सगळं जनुकांवर ढकलायचं नाही. वय त्याहून मोठं कारण, आणि काकांची साखर किती वाढलेली असायची ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच सांगते, बँकेची ती रांग डोक्यातून काढा.

आई म्हणाली, फ्लूच्या लशीची चिठ्ठी अजून फ्रिजवरच चिकटलेली आहे. शनिवारी दोघं जाऊन घ्या. काकूलाही सोबत न्या, ती एकटी जाणार नाही.

तुमची,
सोनू