हिरव्या पाटीची गाडी आणि काळा पडदा : वाहतूकमंत्र्यांना खुले पत्र

मा. वाहतूकमंत्री, गोवा राज्य,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी दुपारी आमच्या गावात झाड पडून तार तुटली आणि वीज गेली. रात्री पावणेदहाला आईला दम लागला. दारात माझी हिरव्या पाटीची इलेक्ट्रिक गाडी उभी होती, बॅटरी 16 टक्के. सत्तरी तालुक्यातून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात चाळीसएक किलोमीटर. तेवढ्या चार्जवर पोचणार नाही हे ठाऊक होते, पण वाटेत फास्ट चार्जर आहे आणि ॲपमध्ये तो 'उपलब्ध' दिसत होता. निघाले.

चार्जरचा पडदा काळा ठिक्कर. चार्जरची गन, म्हणजे वायरीचे टोक, गाडीला लावली, काढली, पुसून पुन्हा लावली. मदत क्रमांकावर वीस मिनिटे नुसती धून वाजत राहिली. आई मागच्या सीटवर दाराची कडी घट्ट धरून बसलेली. काच उघडावी तर पाऊस आत, एसी लावावा तर टक्के उतरतात. शेवटी शेजारच्या दादांना फोन केला. ते आपली 2014 ची पेट्रोल गाडी घेऊन आले. इलेक्ट्रिक की पेट्रोल यावरून आम्ही दोघे वर्षभर भांडतो. त्या रात्री ते एक शब्द बोलले नाहीत. आईच्या डोक्यावर छत्री धरली आणि तिला गाडीत बसवले. आई आता बरी आहे, पण त्या चार्जरसमोरची वीस मिनिटे माझ्या छातीवरून उतरत नाहीत.

साहेब, मी इलेक्ट्रिक गाडीच्या विरोधात नाही. घरी चार्ज केली तर एका युनिटमागे सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला रुपयाच्या आतबाहेर. दादांना पेट्रोलला सहा रुपये पडतात. पण घरच्या 15 ॲम्पियरच्या सॉकेटवर बॅटरी भरायला रात्र लागते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज रात्रभर टिकेल याची खात्री कोण देणार? मग उरतो रस्त्यावरचा चार्जर. तिथे सेवेवर 18 टक्के जीएसटी. गाडी घेताना 5 टक्के आणि ती चालवताना 18! स्वस्त गाडीचे गणित तिथेच फसते.

ही गाडी मी तुमच्या सरकारच्या शब्दावर घेतली. डिसेंबर 2021 मध्ये इलेक्ट्रिक वाहनांचे धोरण आले, अनुदान जाहीर झाले आणि 2022 च्या मध्यावर ते थांबवलेही. वर्षसुद्धा टिकले नाही. माझे कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरले, आणि शेवटी एका कारकुनाने 'योजना संपली' म्हणून फाईल माझ्या हातात ठेवली. मी कर्ज काढून बसले होते. जुलै 2023 मध्ये घोषणा झाली की जानेवारी 2024 पासून पर्यटकांसाठीची प्रत्येक नवी गाडी इलेक्ट्रिकच असेल. आज कळंगुटच्या रस्त्यावर उभे राहा आणि भाड्याच्या काळ्या पाट्यांच्या किती गाड्या पेट्रोलवर चालतात ते मोजा. जे जमणार नाही ते बोलता कशाला?

पेट्रोलवाले तरी सुखात आहेत का? 2012 मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा लिटरमागे अकराएक रुपये कमी झाले होते. तो दिलासा कुठे गेला? आता दादांच्या गाडीत 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जाते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, म्हणजे मायलेज घटणारच. त्यांची गाडी त्या इंधनासाठी बनलेलीच नाही. त्यांना कोणी विचारले? पंपावर दुसरा पर्याय ठेवला?

आम्ही दोघे ओसरीवर वाद घालतो आणि दोघांचेही खिसे रिकामे होतात. मुळात प्रत्येक घरात गाडी लागते कशाला? 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख होती, आणि नोंदलेली वाहने आज 15 लाखांच्या वर गेली आहेत. ही हौस नव्हे, साहेब. अंधार पडला की आमच्या गावाकडे बस नाही. नोकरीवरून उशिरा सुटलेल्या मुलीने घरी यायचे कसे? आपल्या सरकारी कदंब महामंडळाच्या इलेक्ट्रिक बसगाड्यांचे फोटो पेपरात पाहून मला आनंदच झाला होता. पण आमच्या वाड्याच्या फाट्यावर रात्री आठनंतर उभे राहिले की दिसतो तो फक्त पाऊस.

बंद चार्जर ॲपवर चालू दाखवणाऱ्या कंपनीला दंड लावा. तालुक्याच्या ठिकाणी, वीज गेली तरी चालेल असा एक तरी चार्जर बसवा. अनुदानाचा शब्द दिला होता, तो पाळा. आणि संध्याकाळची बस सोडा, मग गाडी कुठली घ्यावी हा प्रश्न अर्ध्या घरांना पडणारच नाही.

येत्या मंगळवारी आईला तपासणीसाठी पुन्हा बांबोळीला न्यायचे आहे. तो चार्जर सुरू झाला की नाही, एवढे तरी त्याआधी कळवा.

आपली,
सत्तरीतील एक नागरिक