अंगुक स्टेशनवर भेटलेल्या सांगलीच्या पोरीस

प्रिय पोरी,

तुझं नाव विचारायचंच राहिलं. आई दिवसभर तुला ‘पोरी’ म्हणत होती, मग मीही तेच म्हणत राहिले. मूळची सांगलीची, सोलमध्ये शिकायला आलेली, एवढंच ठाऊक. म्हणून हे उघड पत्र. तुला ओळखणारं कुणीतरी पोचवेल.

अंगुक स्टेशनच्या जिन्यावर आई म्हणाली, “पुढे चढ असेल तर मी इथेच बसते बाई.” आणि मागून उत्तर आलं, “चढ आहे काकू, पण मधे टेकायला जागा आहेत.” सोलमध्ये मराठी! आईचे गुडघे तिथेच निम्मे बरे झाले.

आम्ही बघायला निघालो होतो ती सोलमधली वस्ती, बुकचॉन, म्हणजे ‘उत्तरेकडचं गाव’, ग्योंगबोकगुंग आणि चांगदॉकगुंग या दोन राजवाड्यांच्या मधलं, हे मी वाचून आले होते. तिथल्या गाहे-डोंगच्या गल्लीत कौलांच्या लाटा आणि लांबवर नामसान टेकडीवरचा मनोरा दिसला, तेव्हा मी भारावून विचारलं, “किती शतकांपूर्वीची गं ही घरं?” तू हसलीस. “ताई, यातली बरीचशी 1930 च्या आसपासची. बिल्डरनं बांधलेली.”

माझा चेहरा पडला. सदाशिव पेठेतला आमचा वाडा गेला तो बिल्डरच्याच हाती. त्या शब्दाशी माझं फारसं सख्य नाही.

मग तू चॉंग से-ग्वॉन यांची गोष्ट सांगितलीस. जपानी राजवटीत जपानी वस्ती चॉंगग्येचॉन ओढ्याच्या उत्तरेला सरकू लागली, तेव्हा या माणसानं उमरावांच्या मोठमोठ्या वाड्यांच्या जागा घेतल्या, त्यांचे छोटे तुकडे पाडले आणि साध्या कोरियन कुटुंबांना परवडतील अशी हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन घरं, बांधली. हप्त्यानंसुद्धा विकली. म्हणून तर ती एकमेकांना खेटून उभी आहेत, दर्शनी भिंतीत विटा आहेत आणि मधल्या ओसरीला काचेची दारं. याच माणसानं शब्दकोशाचं काम करणाऱ्या कोरियन भाषा मंडळाला 1935 साली इमारत दिली. 1942 मध्ये मंडळावर धरपकडीचं संकट आलं, त्यात त्यांचाही छळ झाला. बिल्डर आणि शब्दकोश! मी परत येऊन हे दहा जणांना सांगितलं, आठ जणांना थट्टा वाटली.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचेत, आणि ते जरा ओशाळूनच. चढावर आईनं माझ्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. तिचा आवाज तुला माहीतच आहे. तू तिच्या दंडाला हलकेच हात लावलास आणि म्हणालीस, “काकू, इथं आत माणसं राहतात. कुणाचं बाळ झोपलं असेल.” आईनं फोन बंद केला आणि पुढची गल्ली चक्क कुजबुजत चालली. त्या भागात संध्याकाळी पाच ते सकाळी दहा पर्यटकांना बंदी आहे, मार्च 2025 पासून एक लाख वॉन दंडही, हे तुझ्याकडूनच कळलं. फोटोसाठीची ती लांब रांग पाहून मला नियम कडक वाटला नाही. कमीच वाटला.

ग्ये-डोंगच्या रस्त्यावरच्या सांस्कृतिक केंद्रात तू आम्हाला टेकवलंस. चपला दगडी पायरीवर काढून आई मारूवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या ओसरीवर, बसली, तळव्यानं फळी चाचपली आणि विचारलं, “थंडीत यांचं कसं भागतं?” तू बोटानं फळीवर नकाशा काढलास: इकडे चुलीचं तोंड, धूर खोलीच्या जमिनीखालून फिरतो, वरचे दगड तापतात, पलीकडे धुराडं. आता चुलीऐवजी गरम पाण्याचे पाइप असतात, पण नाव तेच, ओंडोल. आई म्हणाली, “म्हणजे अख्खी खोलीच शेकायची पिशवी.” तू एवढी हसलीस की या वेळी आईनंच तुला गप्प केलं.

चहाचे पैसे तू कधी दिलेस ते कळलं नाही. आणि तुझा करडा मफलर आईच्या गळ्यातच राहिला, तो पुण्याला आलाय. धुऊन, घडी करून ठेवलाय. सांगलीला कधी येणार ते कळव, मी आणून देईन. आईनं सोबत भडंगही करायला घेतलंय. सांगलीसारखं जमत नाही, असं तीच म्हणते.

तुझी,
गुडघेवाल्या काकूंची मुलगी