पाईप न फोडता गळती कळते, मग रस्ता का खणायचा?

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या वडगावात गळती शोधायला परत रस्ता खणलाय, तीन ठिकाणी, आणि पाणी येतंय चौथीकडनं. राकसकोप धरणाचं पाणी असं मातीत जाताना बघून जीव तुटतो. अहो, पाईपला भोक न पाडता आतला गळतीचा आवाज मोजता येतो, पीव्हीडीएफची (ताणलं की वीज देणाऱ्या प्लास्टिकची) पातळ फिल्म पाईपभोवती पूर्ण वेढा देऊन गुंडाळायची, पाण्यातल्या आवाजाचा दाब वाढला की पाईप अगदी कणभर फुगतो, फिल्म ताणली जाते नि व्होल्टेज मिळतं. वेढा पूर्णच हवा, मग पाईप नुसता वाकून थरथरला तर एका बाजूचा ताण दुसऱ्या बाजूला कटतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४८० मीटर जातो, पाईपात त्याहून कमी, तो वेग धरून दोन ठिकाणी आवाज पोचायच्या वेळेतला फरक काढला की गळतीची जागा सापडते. पाणीपुरवठावाल्यांनी उन्हाळ्याआधी एका गल्लीत तरी करून बघावं.

- एक वाचक, वडगाव, बेळगाव