कलामासिकामागचा पैसा

संपादक महोदय,

बंद पडलेल्या नियतकालिकांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. पॅरिसच्या 'गाझेत दे बोझार' या कलामासिकाने 'बाजारापासून अलिप्त राहून दीडशे वर्षे कलेची सेवा केली', असे त्यात म्हटले आहे. १८५९ ते २००२ ही १४३ वर्षे होतात, पण ते सोडा. 'अलिप्त' हा शब्द मात्र खटकला.

एदुआर ऊसे यांनी हे नियतकालिक काढले; पहिले संपादक शार्ल ब्लां. त्यातले सर्वांत गाजलेले लेखन म्हणजे १८६६च्या अखेरीस तीन हप्त्यांत आलेली डेल्फ्टच्या व्हर्मीर या सतराव्या शतकातल्या डच चित्रकारावरची लेखमाला. ती लिहिली फ्रेंच कलासमीक्षक तेओफिल तोरे यांनी, 'बुर्गर' हे टोपणनाव घेऊन. १८४८च्या क्रांतीनंतर देशोधडीला लागलेला हा माणूस हॉलंड-बेल्जियमच्या संग्रहांत भटकत राहिला आणि जवळजवळ विस्मृतीत गेलेला चित्रकार त्याने पुन्हा उभा केला. उत्साहाच्या भरात सत्तरहून अधिक चित्रे व्हर्मीरच्या नावावर लावली. आज त्याची म्हणून पस्तीसच्या आसपासच मानली जातात. आणि खुद्द तोरेंच्या संग्रहात व्हर्मीर होता! आज बर्लिनला असलेली, मोत्यांची माळ गळ्याशी धरून उभी असलेली तरुणी त्यांच्याच घरची. अशा लेखाने चित्राचा भाव चढतो, हे त्यांना कळत नसेल? पण म्हणून लेखमाला खोटी ठरत नाही. ज्याचा पैसा अडकलेला असतो तो कधी कधी बारकाईने बघतो, एवढेच.

पुढे १८८५ साली मालकी शार्ल एफ्रुसींकडे आली. घराणे ओडेसाचे, धान्याच्या व्यापारात गब्बर झालेले. त्यांनी त्याआधी, १८८० साली, फ्रेंच चित्रकार एदुआर माने याच्याकडून अ‍ॅस्परॅगस या देठांच्या भाजीच्या जुडीचे चित्र ८०० फ्रँकला ठरवले आणि हजार पाठवले. मानेने वरच्या दोनशेंपोटी एकाच देठाचे छोटेसे चित्र रंगवून धाडले; सोबत चिठ्ठी, की तुमच्या जुडीतला एक राहिला होता. भाजीवाल्याकडची वरकड कोथिंबीरच ही! याच नियतकालिकाने १९०० साली पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या तरुण प्रूस्तचा, इंग्रज कलासमीक्षक रस्किनवरचा दीर्घ लेख छापला.

१९२८मध्ये ते विल्डनस्टाइन कुटुंबाने विकत घेतले, आणि हे तर सरळसरळ चित्रांचे व्यापारी. कुठले चित्र कोणाच्या हातचे, यावर जगभरचे अभ्यासक ज्या पानांचा हवाला देत, ती पाने चित्रे विकणाऱ्या घराच्या मालकीची होती. मला हे आजही अवघड वाटते. मात्र त्याच घराने दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कहून अंक काढून परंपरा तुटू दिली नाही, हेही नोंदवायला हवे. डॅनिएल विल्डनस्टाइन २००१ साली गेले आणि पुढच्याच वर्षी 'गाझेत' थांबले. वर्गणीदारांच्या भरवशावर चाललेले मासिक एका मालकाच्या मागोमाग असे जात नाही.

माझ्याकडे त्याचे एकच पान आहे. एका स्नेह्याने पॅरिसला सीन नदीकाठच्या जुन्या पुस्तकांच्या पेटीतून आणलेले एचिंग, म्हणजे धातूच्या कोरलेल्या पत्र्यावरून छापलेले चित्र. खाली डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'गाझेत'चे नाव, आणि कडेला शिलाईची बारीक भोके. कोणीतरी अख्खा अंक उसवून पाने सुटी विकली. मागच्या बाजूला पेन्सिलने किंमत लिहिली आहे. एकदा खोडून, वाढवून.

– एक वाचक, पुणे