सुमीतची तलवार

पुणे,
रविवार दुपार

प्रिय मंग्या,

तुझं पत्र पोचलं. लेकीबरोबर बसून 'फ्रीरेन' ही जपानी कार्टून मालिका बघतोयस हे वाचून हसूच आलं. कॉलेजात 'कार्टून बघतो' म्हणून मला पिडणारा तूच ना? असो. तू विचारलंस, गोष्ट जपान्यांची, मग त्यात युरोपातले किल्ले, एल्फ नावाचे परीकथांतले लोक आणि जर्मन नावं कशी? इंग्रज लेखक टॉल्किनमुळे, हा तुझा अंदाज निम्मा बरोबर. त्याचं 'हॉबिट' १९६५ सालीच जपानीत आलं होतं. पण पोराटोरांना या जगाचं वेड लागलं ते गेममुळे.

१९८१ साली अमेरिकेत 'विझर्डी' हा कॉम्प्युटर गेम निघाला. तळघरात उतरायचं, राक्षस मारायचे, लूट घेऊन वर यायचं. युजी होरी आणि कोइची नाकामुरा या दोघा जपानी गेमकारांना त्याने झपाटलं आणि १९८६ च्या मे महिन्यात त्यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' गेम आला. होरींनी त्यातला स्लाइम नावाचा राक्षस म्हणून चिखलाच्या ढिगासारखं काहीतरी काढून दिलं होतं. चित्रकार अकिरा तोरियामांनी त्याचा निळा थेंब केला, गोल डोळे दिले आणि वर हसू चिकटवलं. झालं! किळस यावी असा राक्षस घराघरातलं लाडकं खेळणं होऊन बसला.

माझा सगळ्यात आवडता किस्सा मात्र तलवारीचा. 'विझर्डी'त एका जबरदस्त तलवारीला 'कुझिनार्ट' नाव होतं. कुझिनार्ट म्हणजे अमेरिकन स्वयंपाकघरातलं फूड प्रोसेसर! आपल्याकडे कुणी तलवारीला 'सुमीत मिक्सर' म्हणावं तसा चावटपणा. जपानी खेळाडूंना हे कुठून कळणार? त्यांनी 'काशिनातोची तलवार' वाचलं आणि काशिनातो हा कुणी थोर लोहार असणार असं धरून चालले. विनोद हरवला, पण दंतकथा मिळाली. मला तरी हा सौदा फायद्याचा वाटतो.

आता तुझ्या फ्रीरेनचे, म्हणजे त्या मालिकेतल्या एल्फ नायिकेचे, कान. १९८६ मध्येच 'कॉम्प्टिक' मासिकात 'लोडोस'चा खेळ छापून येऊ लागला. काहीजण टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ खेळले, त्याचा संवादासकट वृत्तांत. त्यातली नाजूक एल्फकन्या डीडलिट खेळत होता चक्क एक पुरुष लेखक, हिरोशी यामामोतो. चित्रकार युताका इझुबुचींनी तिचे कान आडवे आणि असे लांबलचक काढले की पुढे जपानात एल्फ म्हटलं की तेच कान. टॉल्किनने कानांबद्दल एवढा गाजावाजा कधी केलाच नव्हता.

आणि हो, फ्रीरेन म्हणजे जर्मनमध्ये 'थंडीने गारठणं'. लेकीला सांग, बघ खूश होते की नाही. पुढच्या महिन्यात येतोयस ना? माझ्याकडे जुन्या 'लोडोस'चे भाग आहेत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या