नाना, आठ भरतात का बघा

तीर्थस्वरूप नाना,

साष्टांग नमस्कार.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. परळच्या सेंटरमधल्या सिस्टरांकडे तुमचा नंबर मागितला होता. एका पेशंटच्या घरचा नंबर दुसऱ्याला देता येत नाही म्हणाल्या, आणि ते बरोबरच आहे. तुम्ही गिरगावातली खोली सोडून पुतण्याकडे गेलात, कर्जत लाइनला कुठेतरी, एवढंच मला ठाऊक आहे. पावणेदोन वर्षं आपण आठवड्यातून तीन दिवस एकाच बाकावर बसलो, पण तुमचं आडनाव मी कधी विचारलं नाही. तिथे सगळे एकमेकांना मशीनच्या नंबरानेच ओळखायचे. तुमच्या माई सहा नंबर, आमचे हे सात नंबर. छापखान्यात आयुष्यभर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेले, ऐंशीच्या घरातले, खिशाला लाल पेन लावणारे नाना कुणाच्या ओळखीचे असतील तर त्यांनी हे त्यांना वाचून दाखवावं. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर तुम्हीच वाचा.

जून २०२२ मध्ये ह्यांचं डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास. त्या पहिल्या महिन्यातलं मला बाकी काही आठवत नाही, फक्त काटा आठवतो. आत गेल्या गेल्या वजन. किती वाढलं? शुक्रवारपासून सोमवारपर्यंत दोन दिवस मध्ये जातात, म्हणून सोमवारी काटा हमखास जास्त दाखवायचा. लघवी होत नाही, प्यालेलं पाणी अंगातच राहतं, ते मशीनने काढायचं. दिवसाला एक लिटर, त्यात चहा, आमटी, ताक सगळं आलं. मी घरी वाटीने पाणी मोजून द्यायचे आणि तीन किलो वाढलेले दिसले की वाटायचं, माझंच मोजण्यात चुकलं. वजनं लिहायला एक छोटी डायरी केली होती. एका सोमवारी वजनाच्या खाली चार ओळी लिहिल्या गेल्या. का लिहिल्या ते आजही सांगता येणार नाही. बारावीनंतर मी निबंधसुद्धा लिहिला नव्हता.

तुम्ही शेजारून डायरीत पाहिलंत आणि म्हणालात, "ताई, शेवटच्या ओळीत नऊ झालीत. एक काढा."

नाना, त्या महिन्यात मला भेटलेलं प्रत्येक माणूस धीर धरा म्हणत होतं. नातेवाईक म्हणत होते, चाळीतले म्हणत होते, फोनवर तर रोजच. एक काढा, असं फक्त तुम्ही म्हणालात. मी 'माझ्या उरात साठलेले' असं लिहिलं होतं. तुम्ही अंगठ्याने बोटांची पेरं मोजून दाखवलीत. मग ह्यांचे चार तास संपेपर्यंत मी त्या एका अक्षरामागे होते. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. संध्याकाळी घरी जाताना भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा सुचलं:

काटा सांगे सोमवारी
तीन किलो वाढलेले
कुण्या काट्यावर तोलू
उरी माझ्या साठलेले

बुधवारी दाखवलं. तुम्ही मोजलंत, मान हलवलीत आणि माईंना वाचून दाखवलंत. माईंचे डोळे मिटलेले होते. त्या म्हणाल्या, "अहो, तिला आधी चहा तरी पिऊ द्या."

अष्टाक्षरीत लघु-गुरु बघायचं नाही, नुसती अक्षरं मोजायची, हे तुमच्याकडून कळलं. 'काट्यावर' मधला ट्या कितीही भरगच्च दिसला तरी तो एकच. नंतर तुम्ही वृत्तांकडे आणलंत. य-मा-ता-रा-ज-भा-न-स-ल-गा हे वृत्तं ओळखायचं सूत्र मी शाळेत घोकलं होतं, मार्कांपुरतं. लघु म्हणजे हलका आणि गुरु म्हणजे जड, हा साधा अर्थ त्या वयात मनात शिरलाच नव्हता. तुम्ही एकदा 'पत्नी' हा शब्द घेतलात. यातला प खरं तर ऱ्हस्व, म्हणजे लघु. पण पुढे त्न हे जोडाक्षर आलं, त्याचा भार मागच्या अक्षरावर पडतो, म्हणून इथे प गुरु धरायचा. तुम्ही व्याकरण सांगत होतात. मी काचेतून सात नंबरकडे बघत होते आणि माझ्या आतलं काहीतरी पहिल्यांदा जागेवर बसत होतं.

जानेवारी २०२३ मधला तो दिवस तुम्हालाही आठवत असेल. ह्यांचा फिस्टुला, म्हणजे मशीनच्या सुयांसाठी हातातली शीर आणि धमनी जोडून केलेली वाट, बंद पडला. हाताला हात लावला की आत मांजर गुरगुरल्यासारखं जाणवायचं, ते एका सकाळी थांबलं. मग मानेत कॅथेटरची नळी, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा पैशांची जुळवाजुळव. मी सेंटरच्या जिन्यात बसले होते. सगळं ओझं माझ्याच डोक्यावर आहे, मला आता होत नाही, असं बरंच काही तुम्हाला बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत. सगळं ठीक होईल म्हणाला नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणालात, "एक वृत्त आहे. आठ अक्षरांचं, आणि आठच्या आठ गुरु. मध्ये एकही हलकं अक्षर नाही. नाव माहीत आहे? विद्युन्माला."

विजांची माळ. सगळी जड अक्षरं एका ओळीत बसवली आणि कुणीतरी तिला हे नाव दिलं. त्या रात्री स्वयंपाकघरात बटाटे पाण्यात भिजत घातले (पोटॅशियम उतरावं म्हणून आधी भिजवून मग शिजवायचे, हे आता हातालाच पाठ झालंय) आणि ओट्यापाशी उभी राहून मी एक ओळ केली: 'वाटे सारे ओझे माझे.' शुक्रवारी तुम्ही प्रिस्क्रिप्शनच्या मागे तिच्याखाली गुरूच्या खुणेच्या आठ आडव्या रेघा काढल्यात. लघूची चंद्रकोर एकही नाही. "झाली की," म्हणालात. तो कागद मी डायरीत जपून ठेवला आहे.

तुमच्या छापखान्याच्या गोष्टी मी किती ऐकल्या! उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचता येणं, डोळे मिटूनही खिळ्यांच्या पेटीतल्या नेमक्या खणात जाणारा हात, शिशाने काळी पडलेली बोटं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या अक्षरांचं वळण कसं होतं, हे सांगताना तुमचं बोट हवेत फिरायचं. ऑफसेट आलं, संगणक आले, खिळे वितळायला गेले आणि तुम्ही प्रुफं तपासायला बसलात. "हजारो कविता या बोटांतून गेल्या, माझी एकही नाही," असं एकदा सहज म्हणाला होतात. मला ते सहज ऐकता आलं नाही. पण त्या सगळ्यातलं एकच मी रोज आठवते. दोन शब्दांमध्ये कोरी जागा हवी असली तर तिथे नुसतं रिकामं सोडून भागत नाही, ओळ सैल पडते, खिळे घरंगळतात. तिथेही शिशाचाच तुकडा घालावा लागतो, उंचीला जरा कमी, म्हणजे शाई लागत नाही. कागदावर पांढरं दिसतं तिथेही वजन असतं. चार-चार दिवस मला एक ओळ सुचायची नाही आणि मी वही उघडायला घाबरायचे, तेव्हा तुम्ही हे सांगितलंत.

पण मी फक्त ओझ्याचं लिहिलं असतं तर तुम्ही मला थांबवलं असतं, याची मला खात्री आहे. पाच-सहा कविता झाल्यावर तुम्ही विचारलंत, "ताई, ह्यांना काय आवडतं?" उत्तर द्यायला मला वेळ लागला. वर्षभर मी ह्यांना काय चालत नाही तेवढंच पाठ केलं होतं. नारळपाणी नाही, केळं नाही, लोणचं नाही. मग आठवलं. बेस्टची बस.

हे कंडक्टर होते, आणि बरीच वर्षं डबलडेकरवर. डबलडेकरला दोन कंडक्टर असायचे, ह्यांना वरचा मजला आवडायचा. १९३७ पासून मुंबईत धावणारी ती जुनी लाल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. जुने सहकारी निरोप द्यायला जाणार होते. नेमका शुक्रवार होता. हे मशीनवर पडून मोबाइलवर ती हार घातलेली बस बघत होते आणि सुया टोचलेला हात हलवता येत नव्हता, म्हणून मी डोळे पुसले, आधी त्यांचे आणि मग माझे.

पुढच्या मंगळवारी गणपती बसले. बुधवारी आमची पाळी. लालबागमध्ये त्या दिवसांत काय असतं ते गिरगावच्या माणसाला सांगायला नको. टॅक्सी गल्लीपर्यंत येईना. ह्यांचा हात धरून मी गर्दीत शिरले आणि दहा पावलांवर अडकले. पुढे भिंतीसारखी माणसं. मला दरदरून घाम फुटला. आणि हे, सव्वा वर्षात ज्यांचा आवाज उंबऱ्यापलीकडे गेला नव्हता, ते जोरात ओरडले, "पुढे चला, पुढे चला! आत जागा आहे!" अगदी ड्युटीवरचा आवाज. आजूबाजूची माणसं हसली, मागे वळली, एका मंडळाच्या दोन पोरांनी वाट करून दिली, आणि आम्ही थेट रस्त्यापर्यंत आलो. हे माझ्याकडे बघून हसत होते. सेंटरला पोहोचल्यावर मी पहिल्यांदा हे तुम्हाला सांगितलं आणि मग काट्याकडे गेले. इतक्या दिवसांत काटा दुसरा आलेला तो एकच दिवस.

झोपेतही बोटं त्यांची
तिकिटांना टोचतात
पुढे चला, पुढे चला
म्हणतात अंधारात

ही माईंना सगळ्यात जास्त आवडली होती. त्यांनी ती पाठ केली होती. मशीन सुरू करायला सिस्टर आल्या की त्या स्वतःच म्हणायच्या, "पुढे चला."

तुम्ही ते विचारलं नसतंत तर मी हे टिपलं नसतं, नाना. आंब्याची फोडही टिपली नसती. आहारवाल्या बाईंनी मे महिन्यात डायलिसिसच्या दिवशी एक फोड चालेल असं सांगितलं होतं. ह्यांनी ती पंचवीस मिनिटं खाल्ली. माझ्या वहीत तिच्यावर तीन कविता आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये माई गेल्या. सोमवारी सहा नंबर रिकामं होतं, बुधवारी तिथे एक तरुण मुलगा होता. वही तुमच्याकडे होती, तपासायला दिलेली. मला वाटलं, ती आता मागायची नाही. पण तेरावं झाल्यावर तुम्ही ती पुतण्याच्या हाती सिस्टरांकडे पाठवलीत. सगळी पानं तपासलेली. शेवटच्या काही पानांवर लाल शाईचा हात थरथरलेला आहे, पण खुणा सगळ्या जागच्या जागी आहेत. माई आजारी असताना आणि गेल्यावरही तुम्ही बसून माझी अक्षरं मोजलीत. याचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. शब्द आहेत, तुम्हीच दिलेत.

एका पानावर तुमची एकही खूण नाही, नुसती खाली बरोबरची रेघ आहे. ते पान मी पुन्हा पुन्हा उघडते:

मनगटी गुणगुण
रात्री चाचपून घेते
आहे आहे कळताच
डोळा मग लागू देते

हे आजही सात नंबरवर आहेत. फिस्टुला चालू आहे. काल सोमवार होता, दोन किलो चारशे.

आणि ते दुसरं पान. 'थकले मी कधी नाही' अशी ओळ होती माझी. अक्षरं आठ, यमकही जुळत होतं. तुम्ही ती खोडली नाहीत, मोजलीही नाहीत. समासात फक्त एक शब्द लिहिलात: 'खरं?'

त्या एका शब्दावर मी कित्येक महिने अडकले होते. शब्द बदलून पाहिले, ओळ काढून पाहिली, कविताच टाकून द्यावी असंही वाटलं. खरी ओळ लिहिली तर ह्यांच्या हाती वही लागेल, ते वाचतील, अशी भीती होती. गेल्या आठवड्यात वही मीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ते पान वाचलं, तुमचा लाल शब्द वाचला, आणि पलंगावर सरकून शेजारी जागा केली. मग ओळ सापडली. प्रूफ पाठवते आहे:

थकले मी. बसू द्या ना.

मोजून बघा.

तुमची,
सात नंबरच्या मशीनशेजारची ताई
लालबाग, मुंबई